करंडा घासायच्या आधी

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूरच्या एका ताईंनी लिहिलंय, वय ५४. आई जाऊन आता वर्ष होत आलं, वडील त्याआधी १२ वर्षं गेले. मंगळवार पेठेतलं जुनं घर विकलं गेलंय, दसऱ्याच्या आत रिकामं करून द्यायचंय. ताई राहतात होटगी रोडला, छोट्या फ्लॅटमध्ये. हंडे, घंगाळ, कपाटं, सगळं वाटून-विकून झालं, त्याचं काही वाटलं नाही म्हणतात. अडलंय ते बुटाच्या एका खोक्यापाशी. त्यात आईचा कुंकवाचा पितळी करंडा, अडकित्ता, कान तुटलेला एक कप, चष्म्याचं घर, बटनांची डबी आणि वडील मागावर कामाला होते तेव्हाचा एक धोटा, म्हणजे आडवं सूत टाकायचं लाकडी साधन. दोन वर्षांपासून ताईंना वॉटर कलरचा नाद लागलाय, यूट्यूबवर बघून शिकल्या. त्यांनी ठरवलं की या वस्तूंची चित्रं काढायची, फ्रेम करायची आणि मग वस्तू देऊन टाकायच्या. पण करंड्याची चार चित्रं झाली तरी "एकही आईच्या करंड्यासारखं दिसत नाही, कुठल्याही दुकानातल्या करंड्यासारखं दिसतं. आईचा सगळा जीव त्या करंड्यात होता हो." भाऊ पुण्याला असतो, त्यानं अडकित्ता मागितलाय. ताई म्हणतात चित्र नीट आल्याशिवाय देणार नाही, आणि त्यावरून दोघांचं बोलणं कमी झालंय. वहिनी म्हणते मोबाईलवर फोटो काढा की, दोन मिनिटांचं काम. मुलगी म्हणते वस्तूंवरच ॲक्रिलिकनं रंगवून शोकेसमध्ये ठेवू, हल्ली सगळे तसंच करतात. शेवटी विचारलंय, "मी वेड्यासारखं करतेय का? आणि करंडा काळा पडलाय, तर आधी चिंचेनं घासून घेऊ का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो घाईचा आहे, बाकीचं निवांत बोलता येईल. घासू नका. निदान एवढ्यात तरी नका. चिंच लावली की पितळ पाच मिनिटांत लखलखतं, पण वापरून वापरून पितळेला जो रंग चढलेला असतो तोही त्या पाच मिनिटांत जातो आणि परत आणता येत नाही. झाकण उघडताना रोज जिथं अंगठा पडायचा तिथली नक्षी झिजून सपाट झालेली असेल बघा, आणि बाकी ठिकाणी खाचांमध्ये कुंकू बसून काळपट लाल झालं असेल. तुमच्या चार चित्रांत हे आलंय का? मला वाटतंय नसेल आलं, कारण तुम्ही लिहिलंय की करंडा "मधोमध रेघ मारून दोन्ही बाजू अगदी सारख्या" काढलाय.

ती रेघ कुठून आली ते माझ्या पिढीतल्या सगळ्यांना माहितीय. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसलो की वस्तुचित्राचा पेपर असायचा, टेबलावर एक तांब्या, शेजारी वांगं नाहीतर कांदा, मागं एक फडकं, आणि सर सांगायचे आधी मधली उभी रेघ, मग डावी बाजू, मग तेवढीच उजवी. तांब्याचं तोंड अंड्यासारखं गोल आलं पाहिजे, टोकाला कोपरा दिसला की मार्क गेले. पद्धत चुकीची नाहीय, आजही सुरुवात तशीच करावी. पण परीक्षेतला तांब्या कुणाचाच नसायचा ना. घरात ४० वर्षं वापरलेली वस्तू दोन्ही बाजूंनी सारखी राहतच नाही, कुठंतरी पोचा आलेला असतो, कुठं झाकण नीट बसत नाही, कुठं तळ घासून वाकडा झालेला असतो. रेघ मारा, आणि मग करंडा त्या रेघेला सोडून नेमका कुठं जातो ते शोधा. आईच्या करंड्यासारखं जे दिसायला पाहिजे म्हणताय ते तिथंच सापडेल.

माझ्या घरातलं एक सांगते. माझ्या आजीचा एक तांब्या आमच्याकडं होता, देवघराच्या खालच्या फळीवर, पाणी भरून ठेवायचा. एका उन्हाळ्यात मी तो काढायला बसले, सकाळी सात-साडेसातची वेळ, खिडकीतनं ऊन तिरपं येत होतं आणि तांब्याच्या गळ्याखाली सावली पडते तिथं मला बारीक बारीक टिंबं दिसली. पूर्वी भांड्यांवर नावं घालून घ्यायचे ना, टोच्यानं ठोकून टिंबाटिंबांची अक्षरं, तशी. रोज घासून घासून ती इतकी पुसट झालेली की समोरून बघितलं तर काहीच नाही, तिरप्या उजेडातच दिसत होती. एका बाईचं नाव होतं आणि पुढं बार्शी. ते नाव आमच्या घरात कुणाचंच नव्हतं. मला वाटलं कुठल्यातरी लग्नकार्यात भांडी बदलून आलेली असणार, होतंच असं. आत्याला फोन केला तर ती दोन मिनिटं काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, अगं ते आईचंच नाव, माहेरचं. लग्नात नाव बदललं, त्यानंतर तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. मी आजीच्या हाताखाली वाढलेली, १९ वर्षांची होते ती गेली तेव्हा, आणि तिचं पहिलं नाव मला एका तांब्यानं सांगितलं. तो तांब्या मी तोपर्यंत हजार वेळा हातात घेतला असेल. बघितला मात्र त्या दिवशी, दोन तास एका जागी बसले म्हणून.

म्हणून वहिनींना काही वाईट वाटू देऊ नका, फोटो काढायला हरकत काहीच नाही, काढाच, सगळ्या बाजूंनी काढा, तळाचासुद्धा काढा. पण फोटोचं काम वेगळं, चित्राचं वेगळं. फोटोला दोन मिनिटं पुरतात हेच त्याच्यात कमी आहे. चित्र काढताना आपण वस्तूपाशी दोन तास बसतो, आणि आपल्या शेजारी कुणी येऊन बसलं तर तेही बोलायला लागतं.

आता जरा अवघड भाग. तुम्ही लिहिलंय आईचा सगळा जीव त्या करंड्यात होता. ताई, हे तुम्हाला आईनं सांगितलं होतं का? मी खोटं म्हणत नाहीय, खरंच विचारतेय. वडील गेल्यावर त्यांनी तो करंडा १२ वर्षं वापरला नाही पण टाकलाही नाही, कपाटात साड्यांच्या खाली ठेवला, हे तुमच्याच पत्रात आहे. ते प्रेमानं ठेवलेलं असेल. बघवत नव्हता म्हणून खाली सरकवलेला असेल. मुलीला द्यायचा म्हणून ठेवला असेल आणि द्यायचा राहून गेला असेल. तो माहेरनं आला होता, की वडिलांनी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतनं आणला होता, हे तरी माहितीय का तुम्हाला?

व्हॅन गॉग या डच चित्रकारानं १८८६ साली पॅरिसमध्ये जुन्या बुटांच्या जोडीचं एक चित्र काढलं, नाड्या सुटलेले, चामडं वाकलेलं, बाकी चित्रात काही नाही. जर्मनीतल्या हायडेगर या मोठ्या तत्त्वज्ञानं त्यावर भरभरून लिहिलं की हे शेतकरी बाईचे बूट, त्यात तिचे कष्ट दिसतात, तिचं शेत दिसतं, भाकरीची काळजी दिसते. वाचताना अंगावर येतं इतकं मनापासून लिहिलंय. मग १९६८ मध्ये मायर शपिरो नावाच्या कलेच्या अभ्यासकानं सांगितलं की बाई नाही आणि शेतकरीही नाही, ते बूट चित्रकाराचे स्वतःचे, तेव्हा तो शहरात राहत होता. बूट तेच, पण एकाला शेत दिसलं आणि दुसऱ्याला चित्रकार. हायडेगरनं बाई मनानं घातली म्हणून त्याचं वाटणं खोटं ठरत नाही, पण ते त्याचं होतं, बुटांचं नव्हतं. तुमच्या करंड्यातला अर्थही बराचसा तुमचा आहे ताई, आणि तो तुमचा आहे म्हणून कमी होत नाही, फक्त तोच एकटा खरा आहे असं धरून बसलो की दुसऱ्यांचे अर्थ आपल्याला ऐकूच येत नाहीत.

इथं भाऊ येतो. तुमच्या पत्रात भावाबद्दल चार ओळी आहेत आणि चारही रागाच्या आहेत. पण मला त्यात एक गोष्ट दिसली. एवढी भांडी वाटली गेली, हंडे विकले गेले, तेव्हा त्यानं काही मागितलं नाही. मागितला तो अडकित्ता. बाजारात त्याची किंमत काय येणार आहे? म्हणजे त्याचं त्यात काहीतरी आहे, आणि ते काय आहे हे तुम्ही त्याला अजून विचारलेलं नाही. जेवण झाल्यावर सुपारी कातरायचा तो कट कट आवाज त्याच्या कानात असेल, आईच्या मांडीला टेकून बसलेला असेल तेव्हा, मला काय माहीत. तुम्हालाही माहीत नाही.

"चित्र नीट आल्याशिवाय देणार नाही" ही अट मला पटत नाही. चित्र नीट आलं हे कोण ठरवणार? तुम्हीच. आणि तुम्ही कधीच म्हणणार नाही की आलं, कारण आलं म्हटलं की अडकित्ता द्यावा लागणार. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही, आपण सगळेच असं करतो, सोडवत नाही म्हणून एखादं न संपणारं काम मधे घालतो. तर अट उलटी करा. भावाला फोन करून बोलवा, म्हणा अडकित्ता न्यायला ये पण दोन तास काढून ये, आणि येताना सुपारी आण. त्याला समोर बसवा, त्याला सुपारी कातरू दे, आणि तुम्ही काढा. अडकित्ता तसाही बंद ठेवून काढला तर निर्जीव दिसतो, अर्धा उघडा आणि हातात असला की त्याची घडण कळते, बिजागरीचा खिळा कुठं आहे, कुठलं पातं धारेचं आणि कुठलं नुसतं आधाराचं. हात काढता येत नसेल तर नका काढू, नुसता अडकित्ता काढा. पण त्याला बोलू दे. मधे दुरुस्त करू नका की असं नव्हतं, तसं होतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे, चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरला जन्मले. दीड वर्षांचे असताना आई गेली, तिचा एक फोटोसुद्धा नव्हता त्यांच्याकडं. आयुष्यभर त्यांच्या चित्रांत लुगड्यातल्या बाया येत राहिल्या, चेहरे कित्येकदा कोरे. आणि कंदील येत राहिला, आजोबा कंदील-दिवे बनवायचे त्यांचा. तुमच्याकडं आईचे फोटो आहेत, व्हिडिओसुद्धा असतील, करंडा तर हातात आहे. म्हणजे चित्रानं आई परत आणून द्यायचं ओझं तुमच्या कागदावर नाहीच. ते उतरवून ठेवा, मग हात मोकळा चालेल.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. या वस्तू देऊन टाकायच्या हे ठरवलं कुणी? दसऱ्याची मुदत घराची आहे. खोक्याची नाही. बुटाचं खोकं आहे हो ताई, हंडा नाही तो, कितीही लहान फ्लॅट असला तरी पलंगाखाली मावतो. मला वाटतंय घर रिकामं करता करता, लोकांचं "वस्तूंत जीव अडकवू नये" ऐकता ऐकता, तुम्ही ती मुदत या सहा वस्तूंनाही लावून टाकली. लावू नका. खोकं फ्लॅटवर घेऊन जा आणि वर्षभर काढत बसा. अडकित्ता भावाला द्या, कारण त्यानं मागितलाय आणि तो जिवंत माणूस आहे. बाकीच्यांचं आज काहीही ठरवायची गरज नाही. कदाचित कप काढून झाल्यावर तुम्हालाच वाटेल की झालं, आता कप नको. करंड्याबद्दल तसं कधीच वाटणार नाही, असंही होईल. इटलीत मोरांदी म्हणून चित्रकार होता, बोलोन्या गावचा, १९६४ साली वारला, त्यानं आयुष्यभर त्याच त्याच बाटल्या, बरण्या, डबे मांडून काढले, शेकड्यानं. चार करंडे काढून तुम्ही थकलात म्हणता, मला तर चार म्हणजे ओळख झाली एवढंच वाटतं.

मुलीवर रागावू नका, तिला आजीच्या वस्तूंना हात लावावासा वाटतोय ही चांगली गोष्ट आहे. पण पितळेवर नको. नुसत्या पितळेवर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे निघतात, आणि धरावं म्हणून पॉलिश पेपरनं घासून प्रायमर मारला तर मग मूळचं काही उरत नाही. धोट्यावर तर अजिबात नको. लाकडाला हाताचं तेल पिऊन जो रंग आलाय तो रंगाखाली गेला की गेला. तिला ते बुटाचं खोकं द्या रंगवायला. आत आजीचं, बाहेर नातीचं. छान होईल ते.

धोट्याबद्दल एक. सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी सुरू झाली, भोंग्यावर घड्याळं लावणारी माणसं आपण बघितलीत, पण आता बिनधोट्याचे माग आलेत आणि तुमच्या मुलीच्या वयाच्या पोरांना धोटा दाखवला तर होडीचं खेळणं वाटतंय. चादरीत आडवं सूत ह्यानं टाकलं जातं, आत कांडी बसते, सूत ह्या भोकातनं बाहेर येतं, हे तिला कुणी सांगितलं नाही तर पुढं त्या लाकडाला काहीच अर्थ उरणार नाही. म्हणून प्रत्येक चित्राच्या मागं पेन्सिलनं लिहा, वस्तू कुणाची, कशाला वापरायची, कुठनं आली, आणि हे कुणी सांगितलं. पेननं नको, शाई कागदातनं पुढं उमटते. नुसतं "आईचा करंडा" लिहिलं तर ५० वर्षांनी कुणाची आई ते कळणार नाही, पूर्ण नाव लिहा. आणि जमलं तर माहेरचंही.

रंगांचं थोडं सांगते, तुमच्यासारखं घरी शिकणाऱ्या बऱ्याच जणींनी विचारलंय. पितळेला सोनेरी रंग वापरू नका, बाटलीतला सोनेरी कागदावर मेलेला दिसतो. येलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि गडद जागी बर्न्ट अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन, एवढ्यात पितळ होतं. चकाकी रंगानं येत नाही, तिथं कागद कोराच ठेवावा लागतो, आणि त्या कोऱ्या जागेला अगदी चिकटून काळपट पट्टा असतो तो धीट हातानं मारायचा, आपण घाबरून तो फिका मारतो आणि म्हणून करंडा लाडवासारखा दिसतो. उजेड एकाच बाजूनं घ्या, ट्यूबलाइट बंद. आपल्याकडं दहानंतरचं ऊन सगळ्या सावल्या खाऊन टाकतं म्हणून सकाळीच बसा, आणि कोरड्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, झरझर वाळतो तर फॅन बंद करून कागद आधी ओला करून घ्या. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, साध्या ड्रॉइंग बुकचा फुगतो. चित्र वस्तूएवढंच काढा, मूळ आकारात. लहान वस्तू मोठी काढली की ती शोभेची होते, हातातली राहत नाही. करंडा कागदावर ठेवून तळाभोवती पेन्सिल फिरवली तरी चालेल, ती काही परीक्षा नाहीय. आणि पाटावर बसून काढा, आई जिथं बसून कुंकू लावायच्या तिथनं तो जसा दिसायचा तसा. टेबलावरून तो वेगळाच दिसतो.

घर अजून ताब्यात आहे ना दसऱ्यापर्यंत? मग भावाला तिथंच बोलवा, फ्लॅटवर नको. घंगाळ नाही, कपाटं नाहीत, खोल्यांत आवाज घुमत असेल, तरी तिथंच. खिडकीचा उजेड तोच आहे. करंड्याचं झाकण उघडं ठेवा, आतला आरसा असेल तर त्यात काय दिसतंय तेही काढा, आणि आत उरलेलं कुंकू झटकू नका. भाऊ सुपारी कातरत बसला की त्याला एवढंच विचारा, हा करंडा आपल्याकडं कुठनं आला रे?